बुलढाण्याचा आरमारप्रमुख

हसा, हसून घ्या! बुलढाणा जिल्ह्यातला माणूस उठून तुम्हाला आरमाराचा गेम सुचवणार, यात हसण्यासारखं आहेच. आमच्याकडे खारं पाणी म्हणजे एकच, लोणारचं. त्या सरोवरात एखादी विनाशिका सोडली तर दोन मिनिटांत समोरच्या काठावर जाऊन आदळेल. मलकापूरहून रात्रीची गाडी पकडायची, सकाळी मुंबईत उतरायचं, तेव्हा कुठे आम्हाला समुद्र दिसतो.

पण थांबा. सिंदखेडराजा कुठल्या जिल्ह्यात आहे? आमच्या! १५९८ साली जिजाऊंचा जन्म झाला तो तिथे, लखुजी जाधवांच्या घरी. आणि त्यांच्या मुलाने पुढे काय केलं, तर कोकणात हातपाय पसरताच स्वतःचं आरमार उभं करायला घेतलं. तेव्हा आमच्या जिल्ह्याचं आणि आरमाराचं नातं थेट आजोळचं आहे, बॉस! मुंबईकरांनी याबाबतीत जरा दमानं घ्यावं.

तर या वेळचा गेम: ‘रूल द वेव्ह्ज ३’. २०२३ मध्ये आलेला. याचा पहिला भाग २०१५ चा, दुसरा २०१९ चा. फ्रेड्रिक वॉलिन हा त्याचा डिझायनर. विंडोजवर चालतो, इंटरनेट लागत नाही, आणि गेमिंग लॅपटॉप तर अजिबात लागत नाही. ऑफिसने दिलेल्या त्या रडतखडत चालणाऱ्या डब्यावरही मजेत पळतो. (ऑफिसच्या मशीनवर टाका असं मी म्हटलेलं नाही, काय?)

आता आधीच सांगतो, म्हणजे नंतर मला शिव्या नकोत. हा गेम दिसायला भयाण आहे. उसळत्या लाटा, धडाडणाऱ्या तोफा, सूर्यास्ताच्या वेळी कडेला उभा राहून दुर्बीण लावणारा कॅप्टन... यातलं काहीही नाही. गेम उघडला की तक्ते, तक्ते आणि तक्ते. जहाजांची यादी, खर्चाची यादी, संशोधनाची यादी. लढाई सुरू झाली की निळ्या पडद्यावर वरून दिसणारी छोटी छोटी जहाजं सरकतात, बस्स. दिवाळीत घरी खामगावला होतो, रात्री साडेदहाला पुढ्यात लॅपटॉप. आई दारातून डोकावली आणि म्हणाली, “अजूनबी हापिसाचंच काम करून रायला का रे? जेवून तं घे!” मी काही बोललो नाही. वर्षभर सणासुदीलाही काम करणारा गुणी मुलगा अशी ख्याती होत असेल, तर ती कशाला मोडायची?

पण त्या तक्त्यांच्या आत जे आहे ना, ते जबरदस्त आहे.

तुम्ही एका देशाचे आरमारप्रमुख. साल १८९०. (१९००, १९२० आणि १९३५ पासूनही सुरुवात करता येते.) एक चाल म्हणजे एक महिना. दर महिन्याला सरकार तुम्हाला ठरलेले पैसे देतं. त्यात असलेल्या जहाजांची देखभाल, नव्यांची बांधणी, संशोधन, हेरगिरी, खलाशांचं प्रशिक्षण. पैसे संपले की गोदीतलं काम ठप्प. एक मोठी युद्धनौका बांधायला अडीच-तीन वर्षं लागतात, म्हणजे तीसहून जास्त चाली. तेवढ्यात शेजारच्या देशाने नवी तोफ काढलेली असते आणि तुमचं जहाज पाण्यात उतरण्याआधीच जुनं होतं. हे काही गेमवाल्यांनी रचलेलं नाही. १९०६ मध्ये इंग्लंडने ‘ड्रेडनॉट’ पाण्यात उतरवली, एकाच आकाराच्या दहा मोठ्या तोफांची, आणि एका फटक्यात जगातल्या सगळ्या युद्धनौका म्हाताऱ्या झाल्या. त्यात इंग्लंडच्या स्वतःच्याही आल्या!

खरी गंमत पुढे आहे. प्रत्येक देशाशी तुमचा तणाव किती, याची एक पट्टी असते. मधूनमधून सरकार तुम्हाला प्रश्न विचारतं. अमुक देशाने आपल्या किनाऱ्याजवळ सराव केला, काय करू या? तमुक देशाचं जहाज एका बंदरात घुसलं, निषेध करायचा की आरमार पाठवायचं? तुम्ही अरेरावीचं उत्तर दिलंत की तणाव वाढतो. आणि तणाव वाढला की, नीट ऐका, तुमचं बजेट वाढतं. गोडीगुलाबीने घेतलंत की शांतता नांदते, आणि शांतता नांदली की अर्थमंत्री कात्री घेऊन येतात.

कळलं ना सापळा कसला आहे ते? आरमारप्रमुख म्हणून तुम्हाला जहाजं हवीत. जहाजांसाठी पैसे हवेत. पैशांसाठी थोडी ‘टेन्शन’ची हवा तापती ठेवायला हवी. थोडीच हं, अगदी थोडी! मग एका महिन्यात ती पट्टी लाल टोकाला टेकते आणि युद्ध पेटतं. नेमकी तेव्हा तुमची चार मोठी जहाजं गोदीत अर्धवट असतात. पहिल्या महायुद्धाआधी जर्मनीत ॲडमिरल टिरपिट्झने १८९८ आणि १९०० मध्ये आरमारवाढीचे कायदे करून घेतले, इंग्लंडने त्याला उत्तर म्हणून आणखी जहाजं बांधली, जर्मनीने त्याला उत्तर म्हणून आणखी. शाळेत आपण हे ‘पहिल्या महायुद्धाची कारणे, गुण ४’ म्हणून पाठ केलं. या गेममध्ये तेच कारण तुमच्या हातून, तुमच्या माउसने, महिन्यामागून महिना घडतं. आणि प्रत्येक वेळी तुमचा निर्णय तुम्हाला अगदी शहाणपणाचा वाटत असतो. पुस्तकात हे असं अंगावर येत नाही.

जहाजं तुम्हीच आखायची. हा भाग म्हणजे टू बीएचके घेण्यासारखा आहे. तोफा मोठ्या हव्यात, चिलखत जाड हवं, वेग भन्नाट हवा आणि शिवाय पल्ला लांबचा. सगळं टाकून बटण दाबलं की गेम शांतपणे सांगतो, वजन जास्त झालं. मग चिलखत दोन इंच कमी. तरी होत नाही. मग एक तोफ कमी. की जहाजच मोठं करायचं? तर तेवढी तुमची गोदीच नाही, आधी ती वाढवा, त्याचे पैसे वेगळे. माझा एक मित्र पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, त्याने एका क्रूझरवर अख्खा शनिवार घालवला. म्हणाला, नोकरीत इतकं मन लावून डिझाइन केलं असतं तर अप्रेझलला रडावं लागलं नसतं.

आता कुठला देश घ्यायचा? पहिल्यांदा अमेरिका घ्या. पैसा भरपूर, शत्रू लांब, शिकायला वेळ मिळतो. इंग्लंड नको. त्यात सगळं आधीच असतं, आणि जगभर जहाजं पेरून ठेवायची डोकेदुखी वेगळी. मात्र गेम हाताला लागला की ऑस्ट्रिया-हंगेरी घ्या. हे नाव ऐकून तुमचा चेहरा कसा झाला असेल ते मला दिसतंय. पण माझं ऐका. पैसा कमी, गोदी लहान, समुद्र म्हणजे एड्रियाटिकची एक चिंचोळी पट्टी, आणि समोर इटली. थोडक्यात, आपल्या पहिल्या पगारासारखी अवस्था. इथेच हा गेम त्याच्या खऱ्या प्रश्नावर येतो: समोरचा तुमच्या दुप्पट असेल तर त्याच्यासारखंच जहाज बांधायचं, की त्याला करताच येणार नाही असं काहीतरी करायचं?

खरी ऑस्ट्रिया-हंगेरी पहिल्या रस्त्याने गेली. वीस हजार टनांच्या मोठ्या युद्धनौका बांधल्या. त्यातली ‘सेंट इश्तवान’ १० जून १९१८ च्या पहाटे इटलीच्या एका छोट्याशा मोटरबोटीच्या दोन टॉर्पेडोंनी बुडाली. चिमुकली बोट, आत मूठभर माणसं. जहाज उलटतानाचं चित्रीकरणसुद्धा आहे. बघवत नाही.

आणि दुसरा रस्ता? त्यासाठी एड्रियाटिकला जायची गरज नाही. अलिबागजवळ थळच्या किनाऱ्यासमोर खांदेरी नावाचं बेट आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं, त्यातला हा एक. आपल्यातले निम्मे लोक मांडव्याला लाँचने जातात, पण जरा दक्षिणेकडे मान वळवून खांदेरी बघणारे किती? १६७९ च्या पावसाळ्याअखेरीस शिवाजी महाराजांनी या बेटावर किल्ला बांधायला माणसं उतरवली. मुंबईच्या तोंडाशी! इंग्रज खवळले. बेटावर मायनाक भंडारी, आरमारावर दौलतखान. इंग्रजांकडे ‘रिव्हेंज’ नावाचं फ्रिगेट, त्याच्या तोफांपुढे आपल्या गुराबा-गलबतांचा टिकाव लागणं अवघड. १८ ऑक्टोबरला मोठी लढाई झाली. ‘डव्ह’ नावाचं इंग्रजांचं जहाज मराठ्यांच्या हाती लागलं, पण ‘रिव्हेंज’ने एकटीने झुंज देऊन मराठी आरमाराला नागोठण्याच्या खाडीपर्यंत मागे रेटलं. गेमच्या भाषेत बोलायचं तर पॉइंट इंग्रजांना.

मग बेट कुणाला? बेट महाराजांना! कारण इंग्रजांची जहाजं जड, वाऱ्यावर अवलंबून, उथळ पाण्यात शिरायला घाबरणारी. आपल्या नावा हलक्या, वल्ह्यांवर चालणाऱ्या. रात्र झाली की किनाऱ्याला चिकटून निघायच्या आणि बेटावर माणसं, सामान, दारूगोळा उतरवून यायच्या. दिवसा इंग्रजांनी समुद्र राखायचा आणि रात्री त्यांच्या नाकाखालून रसद जायची. सिद्दीही इंग्रजांच्या मदतीला आला, तरी तेच. जानेवारी १६८० मध्ये इंग्रजांनी नाद सोडला. सिद्दीने मग शेजारची उंदेरी बळकावली, ही डोकेदुखी पुढे बरीच वर्षं राहिली, तो वेगळा विषय. आज आपल्या नौदलाच्या एका पाणबुडीचं नाव ‘खांदेरी’ आहे, २०१९ मध्ये ती सेवेत आली.

ही खांदेरीची युक्ती ऑस्ट्रियाच्या खुर्चीत बसून करून बघायची. मोठी जहाजं दोनच ठेवायची, समोरच्याला धाक राहील एवढीच. उरलेला पैसा पाणबुड्या, सुरुंग आणि हलक्या विनाशिकांवर. खलाशांना रात्रीच्या लढाईचं खास प्रशिक्षण द्यायचं, गेममध्ये ती सोय आहे. मग इटलीचं अवाढव्य आरमार दिवसा फिरतं आणि रात्री घाबरतं. प्रत्येक वेळी हे जमतं असं नाही, कारण गेम तुम्हाला लढाईचं आमंत्रण देतो आणि नाकारलं तर पॉइंट जातात. शिवाय युद्ध लांबलं, नाकेबंदी बसली की देशात असंतोष वाढतो आणि सरकार कोसळूही शकतं. पण जेव्हा जमतं ना...

लढाईबद्दल थोडंच सांगतो. वेळ थांबवता येते, पळवता येते. अंतरं मात्र अफाट आहेत. १९१६ मध्ये जटलंडच्या लढाईत तोफा सुरू झाल्या तेव्हा दोन्ही बाजूंमध्ये साधारण चौदा किलोमीटर अंतर होतं. आमच्या भाषेत, खामगावच्या बसस्टँडवर उभं राहून जवळजवळ शेगावपर्यंत गोळा टाकायचा, तोही दोन्ही गावं पळत असताना! त्यामुळे पहिली वीस मिनिटं नुसतं पाणी उडतं. अवघड पातळीवर खेळलात तर तुमच्या हाती फक्त तुमच्या जहाजांची तुकडी असते, बाकीच्यांना काम नेमून द्यायचं आणि ते करतात का ते बघत बसायचं. टीम लीड झालेल्यांना हा अनुभव नवा नाही.

जहाजांना नावं देता येतात. माझ्या ऑस्ट्रियन आरमारात ‘मेहकर’, ‘चिखली’, ‘नांदुरा’ अशा विनाशिका आहेत. व्हिएन्नाच्या बादशहाची हरकत नाही.

याच नावांमुळे एक गोष्ट झाली. आमच्या गल्लीत नौदलातून निवृत्त झालेले एक काका राहतात. १९७३ ची भरती, सगळी नोकरी इंजिनरूममध्ये. शेजारी म्हणून फराळाला आले होते, मागे उभं राहून बघत बसले. त्या लढाईत ‘मेहकर’ने शत्रूच्या क्रूझरला टॉर्पेडो मारला आणि परतताना स्वतः बुडाली. पडद्यावर एक ओळ आली, शेवटी हिशोब आला, पॉइंट माझे जास्त. मी खूश. काकांनी विचारलं, “जहाज गेलं ते दिसलं बाबू. अन् त्याच्यातली मान्सं?”

गेम ते सांगत नाही. टन सांगतो, तोफा सांगतो, पॉइंट सांगतो.

मग काकांनी ‘खुकरी’चं सांगितलं. ते स्वतः तेव्हा नौदलात नव्हते, पण भरती झाल्यावर ज्यांच्या हाताखाली शिकले त्यांचे सोबती त्या जहाजावर होते. ९ डिसेंबर १९७१, दीवजवळ, पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीचा टॉर्पेडो. अठरा अधिकारी आणि एकशे शहात्तर खलाशी गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला जहाजाबरोबरच गेले. “इंजिनरूमवाल्याले वर यायले येळ नसते भेटत,” काका म्हणाले, आणि चिवड्याची प्लेट उचलून आत गेले.

मी गेम बंद वगैरे केला नाही. पण त्यानंतर विनाशिका पुढे पाठवताना हात जरा थांबतो, आणि माझ्या मते तो थांबवायची ताकद याच गेममध्ये आहे. चकचकीत थ्रीडी स्फोट असता तर आपण तो टाळ्या वाजवत पाहिला असता. इथे ते जहाज तुम्ही आखलेलं असतं, त्याच्यासाठी वर्षभर थांबलेले असता, त्याला गावाचं नाव दिलेलं असतं. मग ती एक ओळ टोचते.

तक्रारी? आहेत की! शिकवण्याची सोय यथातथाच आहे, पहिले दोन दिवस तुम्ही चाचपडणार. खिडक्यांवर खिडक्या उघडतात. आवाज जेमतेम. मूळ गेममध्ये भारत म्हणून खेळता येत नाही. आणि सगळ्यात मोठी चुटपुट म्हणजे गेम १९७० ला संपतो. अहो, एक वर्ष आणखी दिलं असतंत तर काय बिघडलं असतं? ४ डिसेंबर १९७१ च्या रात्री ‘निर्घात’, ‘निपात’ आणि ‘वीर’ या आपल्या तीन छोट्या मिसाइल बोटी कराचीवर गेल्या. किनाऱ्याजवळ पहारा द्यायला घेतलेल्या बोटी, पल्ला इतका कमी की वाटेत दुसऱ्या जहाजांनी ओढून न्याव्या लागल्या. त्यांनी ‘खैबर’ ही विनाशिका आणि ‘मुहाफिज’ हे सुरुंगशोधक जहाज बुडवलं. खांदेरीवाल्या हलक्या नावांची पणतवंडंच म्हणा ना! दर वर्षी ४ डिसेंबरला नौदल दिन असतो तो यासाठीच. गेमच्या शेवटच्या दहा-पंधरा वर्षांत क्षेपणास्त्रं येतात, तेव्हा लहान बोटींनी मोठ्यांना मारायची हौस तेवढी भागवून घेता येते. १९६७ मध्ये इजिप्तच्या बोटींनी इस्रायलची ‘एलात’ अशीच बुडवली होती.

ज्यांना दिसायला देखणंच हवं त्यांच्यासाठी ‘अल्टिमेट ॲडमिरल: ड्रेडनॉट्स’ आहे. त्यात जहाज आखायची मजा आहे आणि ते डोळ्यांना सुखावतं, पण राजकारणाचा तो चिमटा तिथे तितका बसत नाही. आजच्या काळातली लढाई हवी असेल तर ‘कमांड: मॉडर्न ऑपरेशन्स’. त्यात स्वतःचा प्रसंग रचता येतो, कराचीची रात्र हवी तर तिथे मांडा. मात्र तो गेम नाही, नोकरी आहे. पाणबुडीचे शौकीन ‘कोल्ड वॉटर्स’ घेतील.

सुरुवात करणाऱ्यांना तीन गोष्टी सांगतो. पहिल्या खेळीत सुरुवातीचं आरमार गेमलाच बांधू द्या, नाहीतर १८९० चा जानेवारी ओलांडायलाच रविवार जाईल. संशोधनावरचा खर्च कापू नका, तिथे वाचवलेला पैसा दहा वर्षांनी व्याजासकट वसूल होतो. आणि दर डिसेंबरला वेगळ्या नावाने सेव्ह करा. एकाच फाइलवर सेव्ह करत गेलं आणि मध्येच लाईट गेली, म्हातारी बॅटरीही गेली, तर हाती काही उरत नाही. आमच्याकडे तर ही खबरदारी घ्यावीच लागते.

सध्या माझा ऑक्टोबर १९११ चालू आहे. इटलीची पट्टी लाल टोकापासून दोन बोटं लांब आहे, ‘सिंदखेडराजा’ गोदीत अजून अकरा महिने आहे, आणि सरकारने आत्ताच विचारलंय की सीमेवरच्या त्या भानगडीबद्दल आरमाराचं मत काय.